वाचक विचारतात : घरचा फोन नंबर मोबाइलवर नेता येतो का?

प्रश्न : आमचे कुटुंब १९८९ पासून न्यू जर्सीतील एडिसन येथे राहते. घरात तेव्हापासून एकच लँडलाइन आहे आणि डोंबिवली-ठाण्याच्या नातेवाइकांपासून इथल्या मंडळाच्या यादीपर्यंत सगळीकडे तोच नंबर दिलेला आहे. फोन सासऱ्यांच्या नावावर होता. ते गेल्या वर्षी निवर्तले. सासूबाई ८१ वर्षांच्या असून त्यांना हा एकच नंबर पाठ आहे. महिन्याचे बिल आता परवडेनासे झाल्याने आम्ही हा नंबर मोबाइल कंपनीकडे नेण्याचा विचार करीत आहोत. आधी जुनी जोडणी बंद करावी आणि मग नवीन कंपनीकडे तोच नंबर मागावा, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. हे योग्य होईल का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नंबर नेता येईल, परंतु जोडणी आधी बंद करण्याचा बेत कृपया रद्द करावा. नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याला पोर्टिंग म्हणतात, आणि ते ज्याची जोडणी अजून सुरू आहे अशाच नंबराचे होते. एकदा जोडणी बंद झाली की नंबर कंपनीच्या साठ्यात परत जातो आणि काही काळाने तो दुसऱ्या कोणाला दिला जातो. त्यानंतर नवीन कंपनीला तो मागून घेता येत नाही. म्हणून जोडणी बंद करण्याबाबत जुन्या कंपनीला आपण काहीही कळवू नये. नवीन मोबाइल कंपनीकडे अर्ज करावा, तीच जुन्या कंपनीकडे मागणी नोंदवते, आणि नंबर सुटला की जुनी टेलिफोन सेवा त्याबरोबर आपोआप संपते.

अमेरिकेत या सोयीचे मूळ १९९६ च्या दूरसंचार कायद्यात आहे. स्थानिक टेलिफोन कंपन्यांनी ग्राहकाला त्याचा नंबर बरोबर नेऊ दिला पाहिजे, असे बंधन त्या कायद्याने घातले. लँडलाइनवरून मोबाइलवर नंबर नेण्याची मुभा २४ नोव्हेंबर २००३ पासून देशातील १०० सर्वांत मोठ्या महानगर क्षेत्रांत आणि २४ मे २००४ पासून उर्वरित भागात मिळाली. हे तिथे शक्य झाले याला एक साधे कारण आहे. अमेरिकेत लँडलाइन आणि मोबाइल यांच्या नंबरांची घडण एकच असते, म्हणजे तीन आकडी एरिया कोड आणि पुढे सात आकडे. नुसता नंबर पाहून तो भिंतीवरच्या फोनचा आहे की खिशातल्या, हे ओळखता येत नाही. नंबर कोणत्या कंपनीकडे आहे याची नोंद एका मध्यवर्ती माहितीकोशात असते आणि कॉल लावणारी यंत्रणा ती नोंद पाहून कॉल पुढे पाठवते. त्यामुळे डोंबिवलीहून फोन करणाऱ्याला काही बदलल्याचे कळणारही नाही. आपल्या नंबराने याआधीही बदल पाहिलेले असणार : १९८९ मध्ये एडिसनचा एरिया कोड २०१ होता, नव्वदीच्या आरंभी तो ९०८ झाला आणि १९९७ मध्ये ७३२.

अर्ज करण्यापूर्वीची खरी अडचण आपल्या बाबतीत नावाची आहे. पोर्टिंगचा अर्ज जुन्या कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहिला जातो, आणि नाव, खाते क्रमांक, सेवेचा पत्ता, झिप कोड किंवा खात्याचा पिन यांपैकी काही जुळले नाही तर तो परत येऊ शकतो. खाते सासऱ्यांच्या नावावर असताना त्यांच्या नावाने अर्ज भरणे बरोबर नाही. प्रथम मृत्यूचा दाखला देऊन खाते सासूबाईंच्या किंवा आपल्या यजमानांच्या नावावर करून घ्यावे, एक नवीन बिल हाती येऊ द्यावे आणि त्या बिलावर जसे छापले आहे तसेच नाव अर्जात लिहावे. मराठी कुटुंबांत ही काळजी जरा जास्तच घ्यावी लागते, कारण आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून येते आणि ऐंशीच्या दशकात खाते उघडताना ते कधी पूर्ण, कधी आद्याक्षराने, तर कधी चक्क आडनावाच्या जागी नोंदले गेलेले असते. खात्यावर नंबर गोठवण्याची सूचना पूर्वी कधी दिलेली असल्यास तीही काढून घ्यावी लागते. कोणी परस्पर नंबर पळवू नये म्हणून पुष्कळ जण ती एकदा लावतात आणि विसरून जातात.

नवीन कंपनीला हा नंबर घेता येतो का, हे तिच्या संकेतस्थळावर नंबर टाकून आधीच पाहता येते. आपण एडिसनमध्येच राहत असल्याने अडचण येऊ नये. लँडलाइनचा नंबर ज्या भागाचा आहे त्या भागात मोबाइल कंपनीची सेवा असणे एवढीच अट साधारणपणे असते. पण एखाद्याने आधी टेक्सासला बिऱ्हाड हलवले आणि मग न्यू जर्सीचा लँडलाइन नंबर मागितला, तर तो मिळेलच असे नाही. जुन्या कंपनीचे काही देणे शिल्लक आहे म्हणून ती नंबर अडवून ठेवू शकत नाही. देणे मात्र फिटत नाही, ते नंतर वसूल होतेच, आणि ठरावीक मुदतीचा करार मोडत असेल तर त्याचा आकारही द्यावा लागतो.

एकाच लाइनचे साधे पोर्टिंग कामकाजाच्या एका दिवसात व्हावे, असा एफसीसी या तेथील दूरसंचार आयोगाचा नियम आहे. एकाहून अधिक लाइन असल्यास किंवा नोंदी गुंतागुंतीच्या असल्यास जास्त दिवस लागतात; लँडलाइनच्या बाबतीत मनाची तयारी आठवडाभराची ठेवावी आणि शुक्रवारी किंवा सणाच्या तोंडावर अर्ज करू नये. मधल्या काळात काही वेळ असा येऊ शकतो की नव्या मोबाइलवरून फोन लागतात, पण येणारे कॉल अजून जुन्या फोनवरच वाजत असतात. या काळात ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन केल्यास तेथून उलट येणारा कॉल भलत्याच फोनवर जाण्याची शक्यता असते, म्हणून जुना फोन लगेच खोक्यात भरू नये.

नंबराच्या मागे काय काय लोंबते आहे याची यादी पोर्टिंगपूर्वी करणे सर्वांत महत्त्वाचे. इंटरनेट जर त्याच टेलिफोनच्या तारेवरून, डीएसएल पद्धतीने येत असेल, तर नंबर गेल्याबरोबर इंटरनेटही जाऊ शकते. टेलिफोन, इंटरनेट आणि टीव्ही यांचे एकत्रित पॅकेज असेल तर नुसता फोन काढल्याने बिल कमी होईलच असे नाही, उलट सवलत गेल्याने ते वाढलेलेही आढळते. हा आकडा अर्जाच्या आधी विचारून घ्यावा, कारण सगळा खटाटोप बिलासाठीच आहे. चोरीची सूचना देणारी अलार्म यंत्रणा, फॅक्स आणि पडल्यास मदत मागवणारे गळ्यातले बटण हे सारे लँडलाइनवर चालत असेल तर प्रत्येकाच्या कंपनीला वेगळे विचारावे लागते. सासूबाईंकडे असे बटण असेल तर ते मोबाइल जाळ्यावर चालणाऱ्या उपकरणाने बदलून, प्रत्यक्ष दाबून, पलीकडून उत्तर येते हे पाहिल्याशिवाय पोर्टिंगला हात लावू नये. भारतात बोलण्यासाठी घेतलेली परदेशी कॉलची योजनाही जुन्या जोडणीबरोबर संपते. नव्या कंपनीचे भारताचे दर वेगळे असतात.

एक गोष्ट पैशात मोजण्यासारखी नाही. कंपनीच्या व्हॉइसमेलमध्ये साठवलेले निरोप नंबराबरोबर जात नाहीत, ते पुसले जातात. सासऱ्यांचा आवाज त्यात कुठे असेल, मग ते त्यांनी ठेवलेले स्वागताचे दोन शब्द का असेनात, तर ते आधी दुसऱ्या फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे.

आणीबाणीच्या सेवेचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. लँडलाइनवरून ९११ फिरवला की घराचा पत्ता समोरच्या पडद्यावर आपोआप येतो. मोबाइलवरून अंदाजे ठिकाण कळते, परंतु ते दर वेळी दारापर्यंत नेमके असेलच असे नाही. त्यामुळे पत्ता इंग्रजीत सांगता येणे आवश्यक ठरते आणि तो मोठ्या अक्षरांत फोनजवळ लावून ठेवणे चांगले. शिवाय जुन्या तांब्याच्या तारेला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून मिळते, म्हणून वादळात घरातील दिवे गेले तरी साधा तारेचा फोन चालू राहतो. आपली जोडणी फायबरवर किंवा केबलवर गेलेली असेल तर हा फायदा तसाही संपलेला आहे आणि बॅटरी टिकेल तेवढाच वेळ फोन चालतो. आमचे मत असे की सासूबाई दिवसभर घरी एकट्या असतील आणि जोडणी अजून तांब्याची असेल, तर बिलातील फरक सोसून ती ठेवणे योग्य. तसे नसेल तर नंबर खुशाल मोबाइलवर न्यावा.

नंबर नेला म्हणून ८१ वर्षांच्या बाईंच्या हाती काचेचा फोन देण्याची गरज नाही. मोबाइल सेवेवर चालणारी छोटी पेटी काही कंपन्या देतात. तिला घरातला नेहमीचा कॉर्डलेस जोडला की जुन्याच बटणांवर जुनाच नंबर चालतो. ब्लूटूथने मोबाइलशी जोडले जाणारे कॉर्डलेस संचही मिळतात. नंबर कुटुंबाच्या आठवणीपुरता जपायचा असेल तर तो यजमानांच्या फोनमध्ये ई-सिमवर, म्हणजे कार्ड न घालता चालणाऱ्या सिमवर, दुसरी लाइन म्हणून ठेवता येतो, मात्र प्रीपेड योजना घेतल्यास भरणा चुकवू नये. पैसे न भरल्याने गेलेला नंबर परत मिळण्याची खात्री नसते. गूगल व्हॉइस या गूगलच्या इंटरनेटवरील फोन सेवेवर नंबर ठेवण्याची युक्ती अनेक जण सांगतात. ती चालते, पण गूगल व्हॉइस लँडलाइनचा नंबर थेट घेत नाही. आधी तो मोबाइल कंपनीकडे न्यावा लागतो आणि तेथून २० डॉलर भरून गूगलकडे, म्हणजे दोनदा तीच कसरत.

जुनी कंपनी कारण न देता अर्ज परत पाठवत राहिली तर एफसीसीकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि तिला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

प्रश्न : सांगलीत माझा दवाखाना आहे. ०२३३ ने सुरू होणारा दवाखान्याचा नंबर तीन दशकांहून अधिक काळ केसपेपरवर आणि पाटीवर छापलेला आहे; मिरज, तासगाव, जतपर्यंतच्या रुग्णांकडे तोच आहे. आता मी आठवड्याचे काही दिवस कोल्हापुरात असतो. हा नंबर मोबाइलवर घ्यावा असे वाटते. मोबाइलच्या दुकानात ‘१९०० वर पोर्टचा मेसेज करा’ असे सांगितले, पण लँडलाइनवरून मेसेज कसा करणार?
— एक डॉक्टर, सांगली

उत्तर : आपली शंका बरोबर आहे आणि दुकानदाराचा सल्ला चुकीचा. भारतात लँडलाइनचा नंबर मोबाइल कंपनीकडे नेण्याची सोय नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, २००९ चे पोर्टेबिलिटी नियम नावाप्रमाणेच फक्त मोबाइल नंबरांना लागू आहेत. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात ही सेवा सुरू झाली, २० जानेवारी २०११ पासून ती देशभर आली आणि ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून, म्हणजे दूरसंचार विभागातून, दुसऱ्या सर्कलमध्येही नंबर नेता येऊ लागला. परंतु या प्रत्येक टप्प्यावर मोबाइलचा नंबर मोबाइलवरच राहिला. १९०० वर पाठवायचा मेसेज ज्या नंबराचे पोर्टिंग करायचे त्याच नंबरावरून जावा लागतो, आणि उत्तरादाखल येणारा आठ अक्षरांचा कोडही त्याच नंबरावर येतो.

हा केवळ नियमाचा आडमुठेपणा नाही. वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे अमेरिकेत दोन्ही नंबर एकाच साच्याचे आहेत. आपल्याकडे ते मुळातच वेगळे आखलेले आहेत. मोबाइलचे दहा आकडे ६ ते ९ पैकी एकाने सुरू होतात आणि त्यांना गावाचा पत्ता नसतो. लँडलाइनमध्ये एसटीडी कोड गाव सांगतो, म्हणूनच मुंबईच्या ०२२ पुढे आठ आकडे आणि सांगलीच्या ०२३३ पुढे सात अशी मांडणी आहे. कोडनंतरचा पहिला आकडा बहुधा कंपनीही सांगतो; २ ने सुरू होणारे नंबर भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांचे, तर ४ ने सुरू होणारे एअरटेलचे. गाव आणि कंपनी अशी नंबरातच कोरलेली असताना तो उचलून सिमकार्डावर ठेवायचा तर संपूर्ण आखणीच बदलावी लागेल. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरवावा लागतो, तोही मोबाइलसाठी नवीन नंबर मोकळे करण्याकरिता. म्हणजे आपल्याकडील धोरणाची दिशा या दोन प्रकारांना जवळ आणण्याची नसून वेगळे ठेवण्याची आहे.

आपल्याला नंबर सिमवर हवा आहे, की रुग्णांचा फोन आपण जिथे असाल तिथे पोहोचायला हवा आहे? दुसरे असेल तर मार्ग आहेत. सर्वांत सोपा म्हणजे कॉल फॉरवर्डिंग. दवाखान्याच्या नंबरावर येणारा प्रत्येक कॉल, किंवा फक्त न उचललेला कॉल, आपल्या मोबाइलकडे वळवता येतो. त्यासाठी फिरवायचा कोड एक्स्चेंजच्या प्रकारानुसार बदलतो, म्हणून ऐकीव कोड न वापरता ग्राहक सेवेला विचारून घ्यावा. वळवलेल्या कॉलचा पुढचा हिस्सा आपल्या लँडलाइनने केलेला कॉल म्हणून धरला जातो. योजनेत अमर्याद कॉल नसतील तर बिल वाढेल. मोबाइलवर रुग्णाचा नंबर दिसतो की दवाखान्याचाच, हेही पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे, नाहीतर उलट फोन करणे अशक्य होईल.

जोडणी अजून तांब्याची असल्यास फायबरकडे वळण्याचा विचार जरूर करावा. भारत संचार निगममध्ये तांत्रिक शक्यता असेल तिथे जुना नंबर कायम ठेवून फायबर जोडणी मिळते, मात्र अर्जात ‘जुना नंबर कायम ठेवावा’ असे स्पष्ट लिहावे आणि जुनी जोडणी तोपर्यंत बंद करू नये. फायबरवर आवाज इंटरनेटच्या तंत्राने जातो, त्यामुळे घरच्या फायबर नंबरावरचे कॉल मोबाइलमधील अ‍ॅपवर घेण्याची सोय काही कंपन्या देतात. जिओची जिओजॉइन (पूर्वीची जिओकॉल) ही त्यांपैकी एक. पण तिथे मिळणारा नंबर नवीन असतो. आपला हट्ट जुन्या नंबराचा असल्यामुळे तो मार्ग आपल्या उपयोगाचा नाही.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा पर्याय मात्र फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. हे अ‍ॅप लँडलाइनचा नंबर स्वीकारते. नोंदणी करताना एसटीडी कोडातील पहिला शून्य वगळून नंबर टाकायचा आणि मेसेजऐवजी फोन कॉलने पडताळणी निवडायची; दवाखान्यातला फोन वाजतो आणि यंत्र सहा आकडी कोड वाचून दाखवते. त्यानंतर रुग्ण जुन्याच नंबरावर रिपोर्टचा फोटो पाठवू शकतात आणि आपण तो कोल्हापुरात बसून पाहू शकता. वेळेची नोंदणी, औषधांची शंका आणि सुट्टीची सूचना यांसाठी हे पुरेसे आहे. तातडीच्या रुग्णासाठी नाही. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे स्वतःचा पिन, अवश्य लावावा आणि पुढे कधी लँडलाइन सोडायची ठरली तर आधी हे खाते दुसऱ्या नंबरावर न्यावे. आपला सोडलेला नंबर उद्या दुसऱ्या ग्राहकाला मिळाला, तर पडताळणीचा कॉल त्याच्याकडे जाईल.

फॉरवर्डिंग चालू ठेवायचे तर लँडलाइनचे भाडे भरत राहावे लागणार, हे उघड आहे. तीन दशके छापलेल्या नंबरासाठी ते भाडे आम्हाला महाग वाटत नाही. तरीही तो कधीतरी सोडायचाच असेल तर नवीन मोबाइल नंबर आजपासूनच केसपेपरवर जुन्याच्या शेजारी छापावा, आणि दोन्ही नंबर किमान वर्षभर चालू राहतील असे पाहावे; आमच्या अंदाजाने, वर्षातून एकदाच येणारा रुग्ण त्याशिवाय नवीन नंबरापर्यंत पोहोचत नाही.

प्रश्न : ‘तुमचा लँडलाइन नंबर मोबाइलमध्ये रूपांतरित होणार आहे, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा’ असा फोन माझ्या वडिलांना आला. असे काही सुरू झाले आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, आणि ओटीपी सांगू नये. तो ओटीपी बहुधा बँकेचा किंवा मोबाइल नंबर पळवण्यासाठीचा असतो. पैसे गेले असल्यास ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. पैसे गेले नसले तरी असा फोन संचार साथी संकेतस्थळावरील चक्षू या सोयीत नोंदवता येतो. वडिलांचा मोबाइल अचानक ‘नो सर्व्हिस’ दाखवू लागला तर कोणी त्या नंबराचे दुसरे सिम काढून घेतलेले असू शकते; वाट न पाहता कंपनीच्या दालनात जावे. सिम बदलल्यानंतर सात दिवसांपर्यंत पोर्टिंगचा कोड दिला जाऊ नये, असा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला आहे. मात्र तो केवळ पोर्टिंग रोखतो, तेवढ्या दिवसांत बँक खाते रिकामे होणे रोखत नाही.

प्रश्न : मिसिसागा येथे आमचेही असेच घरचे जुने कनेक्शन आहे. कॅनडात हे चालते का, आणि मोबाइलवर नेलेला नंबर पुन्हा घरच्या फोनवर आणता येतो का?
— एक वाचक, ऑन्टारिओ, कॅनडा

उत्तर : चालते. ऑन्टारिओसह कॅनडाच्या मोठ्या भागात १४ मार्च २००७ पासून लँडलाइन आणि मोबाइल यांच्यात दोन्ही दिशांनी नंबर नेता येतो. परत आणतानाची अट भूगोलाची आहे : नंबर मुळात ज्या स्थानिक क्षेत्राचा आहे, त्याच क्षेत्रात घर असले पाहिजे. मिसिसागाचा नंबर मोबाइलवर घेऊन आपण कॅल्गरीला गेलात तरी तो मोबाइलवर चालेल, पण कॅल्गरीतील घराच्या फोनवर तो लावून मिळणार नाही.